व्हॉल्व लाल होऊन राह्यला, काय करू?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की घरात जुना व्हॉल्वचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी मिक्सर, कूलर, इन्व्हर्टर सगळं बाजूला ठेवलं, फक्त व्हॉल्व घेतले. ज्यांचे कूलरचे सवाल राहिले त्यांनी थोडं थांबा बाप्पा.

सवाल: आमचे काका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत, त्यांचा ॲम्प कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. पत्र्याचा डबा आहे, वर दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, पाच व्हॉल्व. दोनवर ईएल ८४, दोनवर ईसीसी ८३ आणि एकावर ईझेड ८१ असं वाचता येते. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकात गिटार वाजवायची आहे म्हणून लावून पाह्यला. आधी भुंऽऽऽ असा जोरात आवाज, मग पाच मिनटात एका ईएल ८४ च्या आतली पट्टी लाल झाली, मी पिन ओढली. दुसरं म्हणजे गिटार हातात असताना साउंडवाल्याच्या माइकले ओठ लागले की झटका बसते. इथला मिस्त्री म्हणते व्हॉल्व गेला, नवीन टाक. टाकू का? — एक वाचक, सिंदेवाही तालुका

उत्तर: नका टाकू भाऊ, निदान आत्ताच नका. नवीन टाकाल तर तोही पाच मिनिटांत लाल होईल आणि पैसे पाण्यात, काऊन की अशा वेळी बहुतेकदा दोष व्हॉल्वचा नसतो, त्याच्या आधी बसलेल्या एका छोट्या कॅपॅसिटरचा असतो. पण ते नंतर. आधी झटका, कारण लाल व्हॉल्वनं ॲम्प जाईल, झटक्यानं माणूस जाईल.

तुमच्या ॲम्पची वायर दोन पिनची असणार, पैज लावतो. त्या काळी हम म्हणजे तो भुंऽऽऽ कमी करायला मेनच्या एका वायरीपासून चेसिसला (त्या पत्र्याच्या डब्याला) एक छोटा कॅपॅसिटर जोडायची पद्धत होती, आणि इंग्रजीत त्याला जे नाव पडलं त्याचा अर्थ सरळ मरणाचा कॅपॅसिटर असा आहे, उगाच नाही पडलं. पिन ज्या बाजूनं घातली त्याप्रमाणे तो कॅपॅसिटर फेजवर येतो, मग त्यातून थोडा करंट चेसिसवर उतरतो, चेसिसवरून गिटारच्या केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांवर, कारण गिटारच्या तारा ब्रिजखालून ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमचे हात चेसिसवरच आहेत असं समजा. तिकडं माइक साउंडवाल्याच्या मिक्सरमधून अर्थ झालेला. मधात तुम्ही. आज झिणझिण्या येतात, उद्या तो जुना कॅपॅसिटर आतून शॉर्ट झाला की पूर्ण २३० व्होल्ट तारांवर. पिन उलटी घातली की झटका जातो असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

तो कॅपॅसिटर कापून फेकून द्या, परत काहीच लावायचं नाही तिथं. मग तीन कोरची चांगली वायर घ्या, हिरवी-पिवळी अर्थची वायर चेसिसला स्वतंत्र नटबोल्टनं कसा, रंग खरडून, स्टार वॉशर टाकून. ट्रान्सफॉर्मरच्याच नटाखाली दाबू नका. फेजची वायर आधी फ्यूजला, मग स्विचला. वायर ओढली गेली तर सगळ्यात शेवटी अर्थ तुटली पाहिजे म्हणून ती आत जरा ढिली, लांब ठेवायची.

आता खरी गोची. आपल्याकडे गावात घरोघरी तीन पिनचा बोर्ड असतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, किंवा असते आणि घरामागच्या कोरड्या मातीत एक सळाख ठोकलेली असते जी उन्हाळ्यात काही कामाची नाही. वायरमनला बोलवा, अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ टाकून नीट करून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावून घ्या. मंडईत स्टेजवर तुमचा ॲम्प आणि साउंडवाल्याचा मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. आणि हम येतो म्हणून अर्थची पिन तोडणारे महाभाग प्रत्येक गावात एक तरी असतात, त्याला ॲम्पच्या जवळ येऊ देऊ नका.

बरं, आता आत हात घालायच्या आधीची गोष्ट. या ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो फिल्टर (डीसी सपाट करणाऱ्या) कॅपॅसिटरमध्ये बसून राहतो. पेचकसनं शॉर्ट करून फटाका वाजवणारे मिस्त्री मी पाहिलेत, कॅपॅसिटरही खराब होतो आणि कधी पेचकसचं टोकही वितळतं. १० किलोओमचा ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेशनच्या दोन वायरी आणि क्लिपा लावा, एक चेसिसला, एक कॅपॅसिटरच्या प्लसला, थोडं थांबा, मग मीटरनं पाहा. मीटरवर दोन-चार व्होल्टच दिसले की मगच हात. मीटर पण ६०० व्होल्टला लायक घ्या, जत्रेतल्या पिवळ्या मीटरच्या वायरीवर जीव टाकू नका. चालू ॲम्पमध्ये मोजताना एक हात खिशात. कधी हे केलं नसेल तर एकट्यानं करूच नका, जुना रेडिओ मिस्त्री शेजारी बसवा.

तुम्ही जे केलं, म्हणजे माळ्यावरून काढून थेट बोर्डात, ते कोणीच करू नये. सिरीज बोर्ड वापरा. फेजच्या वायरीत १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, एलईडी बल्ब लावाल तर काहीच कळणार नाही. आधी पाचही व्हॉल्व काढून चालू करा, फक्त ट्रान्सफॉर्मर. बल्ब जवळपास विझलेला राहिला पाहिजे. पेटला तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग शॉर्ट, तिथंच थांबा. मग ठीक असेल तर व्हॉल्व घाला, बल्ब आधी भक्क करून मग मंद होईल, पूर्ण विझणार नाही कारण या पाच व्हॉल्वचे हीटरच मिळून २० वॅटच्या आसपास खातात. भक्क पेटूनच राहिला तर बंद. काही लोक डिमरस्टॅटनं हळूहळू व्होल्टेज चढवतात, चांगलंच आहे, पण तुमच्याकडे ईझेड ८१ म्हणजे व्हॉल्वचा रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारा, आहे, तो गरम झाल्याशिवाय डीसी देतच नाही, त्यामुळं डिमरस्टॅटवर खाली खाली बरंच काही होत नाही आणि मग एकदम होतं. हे लक्षात असू द्या.

ट्रान्सफॉर्मर माळ्यावर पावसाळे खाऊन ओलावला असणार. दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं न्या. आपल्याकडं तालुक्याच्या गावी दुसरं काही नसेल पण विहिरीच्या मोटरी भरणारा असतोच, आणि चांगल्या दुकानात मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, असतो. ५०० व्होल्टच्या मेगरनं प्रायमरी (मेनकडची गुंडाळी) ते चेसिस मोजायला सांगा, शंभर मेगओमच्या वर आलं की बिनधास्त, दोन-चार मेगओमच आलं तर परत वाळवा. मेनचा ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर तो मोटरवाला भरूनही देईल, वायरचा गेज आणि फेरे मोजून. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे स्पीकरकडचा, मात्र त्याच्याकडे देऊ नका, त्यात प्रायमरी (व्हॉल्वकडची) आणि सेकंडरी (स्पीकरकडची) थरावर थर आलटून पालटून भरतात, साधं खाली एक वर एक भरलं तर वरचा आवाज सगळा मरतो.

तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला आहे का हे घरीच कळतं. ॲम्प बंद, ईएल ८४ बाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी सुट्या, स्पीकरही काढलेला. एखाद्या ६.३ व्होल्टच्या एसी ट्रान्सफॉर्मरचा करंट प्रायमरीच्या दोन टोकांना द्या आणि स्पीकरच्या बाजूला किती येतं मोजा. ०.२ व्होल्ट आले तर गुणोत्तर झालं साडेएकतीस, त्याचा वर्ग १०००, गुणिले ८ ओमचा स्पीकर म्हणजे ८००० ओम, आणि दोन ईएल ८४ ला तेवढंच पाहिजे. मधल्या टॅपपासून (गुंडाळीच्या मधून काढलेल्या वायरीपासून) दोन्ही बाजूचे ओम थोडे कमी-जास्त दिसतील, घाबरू नका, बाहेरच्या थराची वायर लांब असते.

आता लाल पट्टी. ईसीसी ८३ कडून आवाज ईएल ८४ कडे, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या पॉवर व्हॉल्वकडे, जातो तेव्हा मधात एक कॅपॅसिटर असतो, त्यानं आवाज जाऊ द्यायचा आणि मागचा दीडशे-दोनशे व्होल्टचा डीसी अडवायचा. जुने मेणाच्या कागदाचे असतात, ओल धरून ते डीसी गळू देतात. पाच-सात व्होल्टही ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्वचा करंट आवरणाऱ्या जाळीवर, गेले की ईएल ८४ ला लगाम राहत नाही, तो वाट्टेल तेवढा करंट ओढतो, त्याची मर्यादा १२ वॅटची, आणि पट्टी लाल. तपासायचं असं: दोन्ही ईएल ८४ काढा, बाकी व्हॉल्व राहू द्या, सिरीज बल्बवर चालू करा, सॉकेटच्या २ नंबर पिनवर डीसी मोजा. शून्य पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी कॅपॅसिटर बाद. लवकर मोजून बंद करा, कारण पॉवर व्हॉल्व नसताना आतला व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतो. दुकानात त्याच व्हॅल्यूचा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या, जुन्यावर ०.०१ लिहिलं असेल तर नव्यावर १०३, ०.०२२ असेल तर २२३. दोन्ही बाजूचे बदला, एक नाही.

बदलूनही लाल होत असेल तर दोन ईएल ८४ ची जागा आपसात बदला. लाली व्हॉल्वसोबत गेली तर व्हॉल्व खराब, मग तुमचा मिस्त्री बरोबर. त्याच सॉकेटला राहिली तर ग्रिडचा रेझिस्टर पाहा, सुटलेला किंवा ओपन असतो. आणि दोन्हीही लाल होत असतील तर कॅथोडवरचा (व्हॉल्वमधल्या तापणाऱ्या नळीला जोडलेला) २५ किंवा ५० एमएफडीचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा, कॅपॅसिटर शॉर्ट आहे का पाहा. सगळं नीट झाल्यावर कॅथोडच्या १३० ओमच्या रेझिस्टरवर डीसी मोजा, ३०० व्होल्टच्या सप्लायवर दोन्ही व्हॉल्वचा मिळून एकच रेझिस्टर असेल तर १० ते साडेदहा व्होल्ट म्हणजे सुमारे ८० मिलीॲम्प, एकदम बरोबर. पंधरा दिसले तर अजून काहीतरी गळून राह्यलं आहे.

भुंऽऽऽ आवाज फिल्टर कॅपॅसिटरचा, आत सुकलेले. इथं एक मोह आवरा. मोठा टाकला की हम कायमचा जाईल म्हणून लोक २२० एमएफडी ठोकतात, आणि ईझेड ८१ च्या पुढं पहिला कॅपॅसिटर ५० च्या वर चालतच नाही, चालू करताच तो करंट व्हॉल्व सोसत नाही, आत ठिणगी उडते. ४७ एमएफडी, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा घ्या. ८५ डिग्रीचा नको, आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच ४५ असतं आणि त्यात हा डबा.

एवढं झालं की तुमच्या हातात दोन ईएल ८४ चा पंधरा वॅटचा ॲम्प आहे, इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचा एसी १५ दोन ईएल ८४ वरच चालायचा. पेंडॉलमध्ये पुरत नसेल तर समोर माइक लावा, दुसरा मोठा ॲम्प शोधत बसू नका.

सवाल: मी बारावीत आहे. घरी आजोबांचा व्हॉल्वचा रेडिओ आहे, मागं पीयू लिहिलेली दोन भोकं आहेत. मित्र म्हणतो त्यात गिटार लावली की मस्त फाटका आवाज येतो. लावू का? — एक विद्यार्थी, आर्णी

उत्तर: मित्राचं खरं आहे, येतो. ती भोकं ग्रामोफोनसाठी. पण तुला उत्तर देताना मला आधी रेडिओतल्या व्हॉल्वची नावं पाहिजेत, त्याशिवाय पिन लावायची नाही.

मागचं झाकण काढायच्या आधी मेनची पिन काढ आणि रात्रभर राहू दे. मग फक्त डोळ्यांनी वाच, हात नको. यूएल ८४, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी यू नं सुरू होणारी नावं दिसली तर ते झाकण परत लाव आणि गिटारचा विचार सोड. हे रेडिओ एसीवरही चालायचे आणि डीसीवरही, म्हणून त्यात मेनचा ट्रान्सफॉर्मरच नाही. सगळे हीटर एकामागं एक जोडलेले, १०० मिलीॲम्पवर, आणि मेनची एक वायर सरळ चेसिसला. पिन उलटी लागली की पूर्ण चेसिस फेजवर. रेडिओला चालायचं, कारण लाकडाचा डबा, बॅकेलाइटच्या बटना, कोणाचा हात चेसिसला लागतच नव्हता. गिटारच्या तारा मात्र तू दोन्ही हातांनी धरणार. वरच्या सिंदेवाहीच्या भाऊंचा झटका याच्यापुढं काहीच नाही.

काही रेडिओत पीयूच्या भोकांना मधात कॅपॅसिटर असतो, पण पन्नास-साठ वर्षांच्या कॅपॅसिटरवर जीव ठेवायचा नसतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं हेही कोणी सांगेल, तत्त्वानं बरोबर आहे, पण तुझ्या वयात आणि एकट्यानं मी हो म्हणणार नाही.

ईएल ८४, ईसीएच ८१ अशी ई ची नावं असतील तर हीटर ६.३ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता जास्त, तरी डोळ्यांनी खात्री करून घे. तेव्हाही वर सांगितलेलं अर्थिंग आणि कॅपॅसिटरचं काम एखाद्या मिस्त्रीकडून झाल्यावरच. आणि फाटका आवाजच पाहिजे असेल ना राजा, तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर दोन ट्रान्झिस्टरचा फझ बनतो, सोल्डरिंग पण शिकशील. आजोबांचा रेडिओ रेडिओच राहू दे.

सवाल: यूट्यूबवर अर्धे म्हणतात जुन्या ॲम्पमधलं सगळं बदला, अर्धे म्हणतात एक रेझिस्टरही बदलला तर ओरिजिनल आवाज जातो. कोणाचं ऐकावं? — एक वाचक, अचलपूर

उत्तर: मीटरचं ऐका. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सगळे बदला, चांगले दिसत असले तरी. मेणाच्या कागदाचे सगळे बदला. सिरॅमिकच्या चकत्या आणि मायकाचे तपकिरी चौकोनी याला हात लावू नका, ते सहसा मरत नाहीत. रबराच्या वायरी वाकवल्यावर भुगा होत असेल तर बदला. ट्रान्सफॉर्मर चालतो आहे ना, मग त्याच्या स्क्रूलाही हात नको.

रेझिस्टर एक पाय सोडवून मोजा. जुने कार्बनचे वयानं वर सरकतात, १०० किलोओमचा दीडशे दाखवतो. २० टक्क्यांच्या वर गेलेले बदला, बाकी राहू द्या. काही बरोबर मोजतात पण चालू असताना चरचर करतात, खास करून ईसीसी ८३ च्या प्लेटवरचे, ते पण बदला, १ वॅटचा मेटल फिल्म टाका. अजून एक, व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना खरखर येते म्हणून लोक त्यात क्लीनर मारत राहतात आणि ती परत परत येते. बहुतेकदा दोष कंट्रोलचा नसतोच, त्याच्या आधीचा कॅपॅसिटर डीसी गळतो म्हणून खरखरतं.

ओरिजिनल आवाजाबद्दल मला विचाराल तर ही निम्मी भक्ती आहे. गळका कॅपॅसिटर म्हणजे जुना आवाज नव्हे, तो बिघाड आहे, नवीन असताना तो गळत नव्हता. आवाज आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो, स्पीकरमध्ये असतो, सर्किटमध्ये असतो. आणि गंमत पाहा, मार्शलचा ॲम्प ज्याच्या नावानं लोक एवढे कान पकडतात, तो १९६२ च्या सुमारास लंडनच्या दुकानात अमेरिकेच्या फेंडर बेसमन ॲम्पच्या सर्किटवरून बनला, तिकडं इंग्लंडात जे ट्रान्सफॉर्मर, जे स्पीकर सहज मिळत होते ते लावून. म्हणजे जो आवाज आज ओरिजिनल म्हणून पूजला जातो तोच मुळात पर्यायी पार्टचा. मग तुम्ही नागपूरच्या बर्डीवरून आणलेला कॅपॅसिटर काऊन नाही चालणार?

फक्त एवढं करा, काढलेले जुने पार्ट फेकू नका, चिठ्ठी लावून पिशवीत भरून कॅबिनेटच्या आत ठेवा. आणि सुरू करायच्या आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, रात्री अकरा वाजता कोणती वायर कुठं होती हे डोक्यात राहत नाही.

सवाल: व्हॉल्व आता मिळतात का, आणि जुना चांगला की वाईट हे टेस्टरशिवाय कसं ओळखावं? — एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर: मिळतात. ईसीसी ८३ आणि ईएल ८४ आजही बनतात, रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात. अमेरिकन नावं १२एएक्स७ आणि ६बीक्यू५, दोन्ही नावांनी शोधा. आपल्याकडं बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं पुष्कळ व्हॉल्व बनवले, बेल लिहिलेले, जुन्या रेडिओ मिस्त्रीच्या पेटीत अजून कोरे सापडतात. गावात जो मिस्त्री म्हातारा झाला, दुकान बंद केलं, त्याच्याकडं एकदा चहा प्यायला जाऊन या. दिल्लीचं लाजपतराय मार्केट आणि मुंबईची लॅमिंग्टन रोड ही नावं तुम्हाला माहीतच असतील, पण आता ऑनलाइनवाले तिथपेक्षा सोपे पडतात.

ओळखायचं असं. व्हॉल्वच्या टोकाला आतून चांदीसारखा चकाकता डाग असतो, तो पांढरा दुधी झाला असेल तर आत हवा गेली, फेकून द्या. डाग तपकिरी असेल, छोटा असेल, चालेल. बंद ॲम्पमधून काढून ईसीसी ८३ च्या ४ आणि ५ नंबर पिनमध्ये ओम मोजा, काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. चालू ॲम्पमध्ये पेन्सिलच्या लाकडाकडच्या टोकानं ईसीसी ८३ वर हलकी टिचकी मारा, स्पीकरमधून टणण असा घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व गिटारच्या पहिल्या जागी नको, मागच्या जागी चालेल. पिना काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, पण काचेतून पिन निघते तिथं जोर देऊ नका, तडा गेला की संपला.

सवाल: आमच्या शेतात घर आहे. मोटरी चालू असल्या की लाइट १७०-१८० वर येते आणि रात्री मोटरी बंद झाल्या की २६० पर्यंत जाते. माझा व्हॉल्वचा ॲम्प संध्याकाळी मेल्यासारखा वाजतो आणि रात्री भल्ला गरम होतो. स्टॅबिलायझर लावू का? — एक वाचक, वरूड तालुका

उत्तर: लावा ताई. तुमचे दोन्ही अनुभव बरोबर आहेत. १८० वर हीटरला ६.३ च्या जागी पाचच्याही खाली मिळतात, व्हॉल्व अर्धवट तापतो, आवाज दबतो, आणि असं रोज चाललं तर कॅथोड लवकर खराब होतो. हीटर दहा टक्क्यांच्या आत वर-खाली पाहिजे. २६० वर उलटं, हीटरही जास्त आणि आतला डीसीही तेवढ्याच प्रमाणात चढतो, मग पॉवर व्हॉल्व आणि कॅपॅसिटर दोघांवर ताण.

फ्रिजचा रिलेवाला स्टॅबिलायझर चालतो, टक टक करतो तेवढंच. सर्वोवाला असेल तर उत्तम, फक्त महाग. ॲम्पच्या मागं २००, २२०, २४० असा टॅप बदलायची सोय असेल तर तो २४० वर ठेवा आणि संध्याकाळचा दबका आवाज चालवून घ्या, खाली आणू नका, कारण रात्री मोटरी बंद झाल्यावर उठून टॅप बदलायची आठवण कोणाला राहत नाही. आणि गरम होतो म्हणून कॅबिनेटच्या मागची जाळी कापडानं झाकलेली तर नाही ना, तेही पाहा. धूळ जाऊ नये म्हणून बरेच जण झाकतात.

सवाल: भाच्यानं अमेरिकेतून जुना फेंडर आणला. मागं ११७ व्होल्ट लिहिलं आहे. आपली पिन लावली की चालेल ना? — एक वाचक, काटोल

उत्तर: नाही, धूर निघेल. २३० चा ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, ॲम्पवर जेवढे वॅट लिहिले असतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा, आणि अर्थची वायर आरपार जाणारा. तिकडं ६० हर्ट्झ, इथं ५०, म्हणून ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल, हात ठेवता येत असेल तर काळजी नाही.

सवाल: ॲम्प सुरू झाला पण स्पीकरचा कागद उंदरानं खाल्ला, कॅबिनेट उधईनं. तात्पुरता भजनी मंडळाचा भोंगा लावून पाहू का? — एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर: भोंगा नको. भोंग्याच्या युनिटला खालचा आवाज सोसत नाही, गिटारची जाडी तार छेडली की डायफ्रॅम जाईल, आणि वरचा आवाज इतका टोकदार येईल की मंडळच तुम्हाला हाकलून देईल. शिवाय भोंग्याला बरेचदा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो, तुमच्या ८ ओमच्या जागी तो भलतंच काही दाखवेल. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झोपतो, म्हणून तर फाटका आवाज कानाला गोड लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पीकर न लावता हा ॲम्प वाजवून पाहूच नका. ट्रान्झिस्टरचा ॲम्प रिकामा चालतो, व्हॉल्वचा नाही. समोर लोड नसताना जोरात तार छेडली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर हजार व्होल्टच्या वर झटके उठतात आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. स्पीकर तयार होईपर्यंत चाचणीसाठी ८ ओमचा २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, गरम होतो, लाकडावर ठेवू नका.

कागदाला एक-दोन बोटांएवढी भोकं असतील तर टिश्यू पेपर आणि पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल, मागून-पुढून एक-एक थर, वाळू द्या. कडा खाल्ली असेल तर कोन आणि कॉइल बदलणाऱ्याकडं द्या. मॅग्नेट चांगला असेल तर नवीन स्वस्त स्पीकरपेक्षा तो भरून घेणं मी पसंत करीन. जुना १५ ओमचा असेल तर त्याला ८ ची कॉइल बसवून देऊ नका, आधी ट्रान्सफॉर्मरची टॅप पाहा.

कॅबिनेट सुताराकडून करून घ्या. तुमच्याकडं आलापल्लीच्या सागाचं नाव निघेलच, पण पूर्ण सागाचा डबा केला तर मंडईला न्यायला दोन माणसं लागतील. १८ एमएमचा चांगला प्लाय, कोपऱ्याला साग, मागची बाजू अर्धी उघडी. आतून उधईचं औषध लावून चार-आठ दिवस वास जाऊ द्या, आणि व्हॉल्वच्या वर निदान चार बोटं जागा सोडायला सुताराला आधीच सांगा, नाहीतर तो फळी टेकवून देतो.